पेला, धनुष्य, साप, सावली

इलाने पुस्तकातल्या चित्रावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "आई, लुक. वेनली मावशीची पार्टी."

दुपारचे साडेचार वाजले होते. भिंतीच्या तळाशी असलेल्या जाळीतून गरम हवा येत होती आणि तिच्यापुढे पाय पसरून दोघी मायलेकी बसल्या होत्या. बाहेर ॲन आर्बरचा फेब्रुवारी. आठवड्यापूर्वी पडलेल्या बर्फावर आता मळकट कवच धरलेलं. हिमानीचं निम्मं लक्ष पॅसेजच्या पलीकडे, वेनलीच्या दाराकडे होतं. गेले तीन आठवडे ते तिथेच असायचं, दार उघडल्याचा आवाज होतो का, दोन बोटांची टकटक होते का, याकडे. म्हणून ती आधी न बघताच "हं" म्हणाली आणि मग तिने बघितलं. चित्र स्मशानातलं होतं. जिवाभावाचा मित्र गेल्यावर आपलं वाद्य दगडावर आपटून फोडणाऱ्या वादकाची ती गोष्ट. इलाला ती आवडायची नाही, त्यामुळे ते पान नेहमी घाईने उलटलं जायचं. मातीचा उंचवटा, पुढे बुटकं टेबल, टेबलावर तांदळाची वाटी, वाटीत तीन उदबत्त्या रोवलेल्या. शेजारी मान खाली घालून बसलेली एक बाई, आणि तिच्या केसांत पांढरी फुलं. "नाही गं राणी, ही पार्टी नाहीये," हिमानी म्हणाली. "इट इज. सी, राइस. स्मोकी स्टिक्स, वन, टू, थ्री. अँड फ्लावर्स इन हर हेअर." चार वर्षांच्या मुलीचं बोट एकेका वस्तूवर टेकत गेलं, आणि हिमानीची नजर त्या बोटामागून चित्रावरून खोलीतल्या टेबलाकडे गेली.

तीन आठवड्यांपूर्वीच्या शनिवारी याच खोलीत, त्या टेबलाशी, खिडकीकडे तोंड केलेल्या खुर्चीवर तिने वेनलीला बसवलं होतं. केसांत पांढऱ्या कार्नेशनची वेणी माळली होती. पुढ्यात तांदळाची वाटी ठेवली होती आणि तिच्यात तीन उदबत्त्या खोचल्या होत्या. स्वतःच्या हाताने. हसत हसत. नवऱ्याने, देवदत्तने, फोटो काढला होता, आणि तो फोटो हिमानीने नागपूरला आईला पाठवला होता, 'माझ्या चिनी मैत्रिणीचं डोहाळजेवण' असं लिहून.

वेनली विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवायची. दोन वर्षांपूर्वी हिमानी आणि देवदत्त या घरात राहायला आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात इलाचा एक हातमोजा पॅसेजमध्ये पडला होता आणि तो दोन बोटांत धरून ती दारात उभी राहिली होती. तेव्हापासून तिची ती दोन बोटांची टकटक. हिमानी विद्यापीठाच्या वनस्पतिसंग्रहात अर्धवेळ काम करायची, वाळवलेली झाडं जाड कागदावर चिकटवून खाली गाव, तारीख, उंची लिहायची. चार वाजता ती इलाला घेऊन बसने घरी आली की पाचदहा मिनिटांत टकटक व्हायची. वेनली बिनदुधाचा चहा प्यायची आणि शेंगदाण्याची चटणी कशालाच न लावता नुसती चमच्याने खायची. "हे जेवण आहे की मसाला?" असं तिने पहिल्यांदा विचारलं होतं आणि उत्तराची वाट न बघता अर्धी बरणी संपवली होती. आता दोघींचं बोलणं इंग्रजीत व्हायचं हे खरं, पण ती इंग्रजी दोघींपैकी कुणाच्याच आईची नव्हती, त्यामुळे दोघी शब्द जपून ठेवायच्या, आणि कदाचित म्हणूनच इतर कुणाशी बोललं जायचं नाही ते तिथे बोललं जायचं. निदान वेनलीकडून तरी.

तिने ते कपडे धुण्याच्या खोलीत सांगितलं होतं. तळघरातली ती खोली, चार मशीनं, एकसारखी घरघर, ओलसर साबणाचा वास. पलंगपोस घडी घालताना एक टोक हिमानीच्या हातात, एक वेनलीच्या. टोकाला टोक लावायला दोघी जवळ आल्या तेव्हा वेनली म्हणाली, "मी पुन्हा गरोदर आहे. पुन्हा म्हणजे, तिसऱ्यांदा. पहिली दोन राहिली नाहीत." आणि घडी हातात घेऊन मागे सरली. हिमानी काय म्हणाली होती? "अरेरे" म्हणाली, "काळजी घे" म्हणाली. तिच्या जिभेवर आलेलं एक वाक्य होतं. इलाच्या आधी, नागपूरला, पाचव्या महिन्यात. एवढंच. पण ते आलं तसं मागे गेलं, कारण गेल्या सहा वर्षांत ते कुणाहीपुढे बाहेर आलं नव्हतं आणि त्याला बाहेरची वाटच ठाऊक नव्हती. आणि नेमकं तेव्हाच वेनलीने विषय बदलायला म्हणून इलासाठी आणलेलं पुस्तक पिशवीतून काढलं होतं. चिनी भाषेतल्या चार-चार अक्षरांच्या म्हणींच्या गोष्टी, एका बाजूला चिनी, एका बाजूला इंग्रजी. "आमच्याकडे लहान मुलांना आधी गोष्ट सांगतात," ती म्हणाली, "मग मोठेपणी गोष्ट सांगावी लागत नाही, चार अक्षरं म्हटली की झालं. ही बघ. बेइ, गोंग, श, इंग. पेला, धनुष्य, साप, सावली."

आणि मग त्या मशीनच्या घरघरीत तिने ती गोष्ट करून दाखवली होती. साबणाच्या बाटलीचं झाकण हा पेला, त्यात निळा साबण ही दारू. तारेचा हँगर हे धनुष्य. जुन्या काळी युए गुआंग नावाचा एक अंमलदार होता. त्याचा एक मित्र वरचेवर यायचा, तो अचानक यायचा थांबला. कितीतरी दिवस गेले. शेवटी युए गुआंगने विचारलं, काय झालं? मित्र म्हणाला, मागच्या वेळी तू दारू दिलीस, पेला तोंडाशी नेला तर आत साप. तुझा मान ठेवायचा म्हणून पिऊन टाकली, पण घरी गेलो तो अंथरूणच धरलं. साप पोटात आहे. हे सांगताना वेनलीने झाकण तोंडाशी नेलं होतं आणि डोळे असे मोठे केले होते की इला मशीनवर बसल्या बसल्या खिदळली होती. मग युए गुआंग घरभर फिरला, विचार करत राहिला. बैठकीच्या भिंतीवर एक शिंगाचं धनुष्य टांगलेलं होतं, त्यावर रंगाने साप रंगवलेला. त्याने मित्राला बोलावलं, त्याच जागेवर बसवलं, तोच पेला भरला. दिसतो? दिसतो, तस्साच. मग भिंतीकडे बोट दाखवलं. मित्र बघतच राहिला, आणि उठला तो खडखडीत बरा होऊन. "म्हणजे उगाच भीती बाळगणं," हिमानी म्हणाली होती. "अर्थ तोच. नसलेल्याचं भय," वेनली म्हणाली, "पण माझी आजी म्हणायची, लोक त्या पाहुण्याला हसतात आणि यजमानाला विसरतात. मित्र येईना झाला तर किती लोक विचारतात? लोक म्हणतात, नसेल यायचं, नको येऊ."

हिमानीने तीन आठवड्यांत विचारलं नव्हतं. दोनदा दार वाजवलं होतं. दोन्ही वेळा वेनलीच्या नवऱ्याने, बोने, दार वीतभर उघडून, शी इज स्लीपिंग, असं हळूच सांगितलं होतं. तिने निरोप पाठवले, उत्तरं आली, एक एक ओळीची, हसऱ्या चेहऱ्यासकट. थोडी दमलेय. रक्तदाब वाढलाय. डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलंय. सगळं खरंच असणार. पण ज्या बाईने शेंगदाण्याच्या चटणीची बरणी रिकामी झाल्याबद्दल तीन ओळींची तक्रार लिहिली असती तिचे हे निरोप नव्हते. कागदावर चिकटवलेलं पान वाकडं बसलं तर ते उचलायला जायचं नाही हे हिमानी कामावर पहिल्याच दिवशी शिकली होती. उचलायला गेलं की तुटतं. तसंच काहीसं तिने मनाशी धरून ठेवलं होतं. नको उचलायला.

"तू उगाच लोड घेतेस यार," देवदत्त म्हणाला. तो स्वयंपाकघराच्या कट्ट्याशी उभा राहून इलाचा डबा धूत होता, आणि हिमानीने ते चित्र आणि फोनमधला फोटो शेजारी शेजारी त्याच्या नाकासमोर धरला होता. त्याने हात पुसून नीट पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "च्यायला," तो हळूच म्हणाला. मग म्हणाला, "पण अगं, स्टॅटिस्टिक्समध्ये पीएचडी आहे ती. उदबत्तीला घाबरणारेय का?"

"तू व्हायव्हाच्या दिवशी कुठला शर्ट घातला होतास?"

"तो विषय वेगळा आहे."

"उसवलेल्या काखेचा. चार वर्षं सगळ्या परीक्षांना तोच."

"कम्फर्टेबल होता तो," देवदत्त म्हणाला, आणि डबा पुन्हा एकदा धुवायला लागला. "मेसेज टाक ना. सॉरी, आम्हाला माहीत नव्हतं, आमच्याकडे हे शुभ असतं. लिंक पण पाठव एखादी."

लिंक. हिमानी त्या खुर्चीवर जाऊन बसली, खिडकीकडे तोंड करून, आणि वेनलीला त्या दिवशी काय काय दिसलं असेल ते बघायचा प्रयत्न करू लागली. दुकानात लाल कार्नेशन होती. बादलीभर होती. तिने हातात घेऊन परत ठेवली होती, कारण लाल फुलांची वेणी तिच्या डोळ्यांना कधी वेणी वाटलीच नव्हती. वेणी म्हणजे पांढरी, मोगरा, जाई, फार तर अबोली मध्ये मध्ये. सुईदोऱ्याने ओवत बसली होती ती सकाळी, एक एक फूल उलटसुलट, आईच्या डोहाळजेवणाचा काळा-पांढरा फोटो डोळ्यांपुढे ठेवून. वेनलीच्या आईचा व्हिसा झाला नव्हता, माहेरचं कुणीच येणार नव्हतं, म्हणून हिमानीने हा घाट घातला होता. नारळीभात, वांगीभात, पुऱ्या, कढी, दोन झाकलेल्या वाट्या, एकीत पेढा एकीत बर्फी. वेणी माळली तेव्हा वेनलीचा हात वर आला होता, फुलांपासून बोटभर अंतरावर थांबला होता, आणि खाली गेला होता. आता हिमानीला तो हात स्पष्ट दिसत होता. तेव्हा वाटलं होतं, नाजूक फुलं, म्हणून हात लावत नाहीये. आणि उदबत्त्या पेटल्यावर तिच्या डोळ्यांत पाणी आलं तेव्हा वाटलं होतं, आईची आठवण. ती सगळं जेवली होती, एक शीत टाकलं नव्हतं. बर्फी निघाली म्हणून हसली होती. तुझा मान ठेवायचा म्हणून पिऊन टाकली.

पण हे एवढंच नव्हतं. खुर्चीवर बसल्यावर हिमानीला ते दिसत होतं जे फोटोत नव्हतं. ती तांदळाची वाटी उदबत्त्यांसाठी नव्हतीच. ती ओटीची होती. नारळ, खण, हळकुंड, सगळं तबकात काढून ठेवलेलं होतं, वाटीत निवडलेले तांदूळ होते, आणि जेवणाआधी वेनलीची ओटी भरायची म्हणून ती उठली होती. वाटी हातात घेतली आणि हात पुढे जाईना. नागपूरची एक दुपार मध्ये येऊन उभी राहिली होती, धरमपेठेतल्या संध्याकाकूंचा हॉल, चुलतबहिणीचं डोहाळजेवण, सतरंजीवर रांगेने बसलेल्या बायका. हिमानीचं पाचव्या महिन्यातलं सगळं आटपून तेव्हा महिना झाला होता. ती जांभळी साडी नेसून गेली होती, कुणाला वाईट वाटू नये म्हणून हसत होती. ओटी भरायला एकेक उठू लागली. हिची पाळी आली तशा काकू म्हणाल्या, "हिमानी, तू जरा आत बघ गं, कढी उतू जाईल." ती आत गेली. गॅस बंद होता. कढीच्या पातेल्यावर झाकण होतं, झाकणावर पळी. ती त्या बंद गॅससमोर उभी राहिली, बाहेरचं हसणं, बांगड्या, नाव घ्यायचा आग्रह ऐकत, आणि सगळ्या बायकांची ओटी भरून होईपर्यंत कढी सांभाळत राहिली. त्यानंतर ती त्या घरी गेली नाही. दिवाळीला काकूंचा फोन आला की देवदत्तच्या हातात द्यायची. काकूंनी कधी विचारलं नाही, तू येत का नाहीस. हिने कधी विचारलं नाही, गॅस बंद होता हे तुम्हाला माहीत होतं का.

आणि सहा वर्षांनी, सात समुद्र ओलांडून, ना काकू ना सतरंजी, तरी तिचा हात वाटीसकट थांबला होता. हे माझ्या हाताने नको, असं काहीतरी तिला वाटलं होतं. वाटलं म्हणजे शब्दांत नाही, मनगटात. सगळे बघत होते. मग ती मोठ्याने म्हणाली होती, "अगं बाई, उदबत्तीचं घर कुठे टाकलं इलाने," आणि पुडक्यात उरलेल्या तीन उदबत्त्या त्या तांदळात खोचून मोकळी झाली होती. आता ते तांदूळ ओटीत घालायचे राहिले तरी कुणी विचारणार नव्हतं. साप तिच्या पेल्यातला होता. तो तिने वेनलीच्या पेल्यात ओतला होता.

दुसऱ्या दिवशी शनिवार. सकाळी दहा वाजता हिमानीने पॅसेज ओलांडून समोरचं दार वाजवलं, हाताची मूठ न करता, दोन बोटांनी. बराच वेळ काही नाही. मग पावलं, जड, घासत येणारी. दार वेनलीनेच उघडलं. तिच्या पायांत नवऱ्याचे लोकरी मोजे होते, चेहरा सुजलेला, पोट दारापेक्षा आधी बाहेर आलेलं. हिमानीने रात्रीपासून जुळवलेली वाक्यं होती, क्षमेची, समजावणीची, व्यवस्थित. ती सगळी गळून पडली.

"माझ्या पेल्यात तुला काय दिसलं?" तिने विचारलं.

वेनली दाराची चौकट धरून म्हणाली, "तुला कळलं?"

"इलाला कळलं."

वेनलीच्या नाकातून हसल्यासारखा एक श्वास सुटला. "तिला माझ्या वर्गात पाठव. माझ्या मुलांना समोरचं काही दिसत नाही."

"येशील? त्याच खुर्चीवर?"

"डॉक्टरांनी जिने चढू नको म्हटलंय," वेनली म्हणाली. "पॅसेज ओलांडू नको असं म्हटलेलं नाही. अकरा पावलं आहेत. मोजलीत मी. तीन आठवडे."

देवदत्त तिला बघताच गडबडून उभा राहिला, "हाय, हाय, चहा टाकतो," म्हणाला आणि इलाला उचलून आत घेऊन गेला. हिमानीने टेबल रिकामं करून ठेवलं होतं. पण वेनली बसल्यावर इकडेतिकडे बघून म्हणाली, "वाटी कुठाय?"

"ती नको आता."

"का नको? तोच पेला हवा. फुलं पण. एक गोष्ट बदललीस तर कशाने फरक पडला ते कळायचं कसं?"

तेव्हा हिमानीने वाटी काढली. तांदूळ भरले. फ्रिजमध्ये कालच आणून ठेवलेली कार्नेशन होती, पांढरी. का आणली ते तिने स्वतःलाही विचारलं नव्हतं. वेणी करायला वेळ नव्हता म्हणून दोनच फुलं देठासकट वेनलीच्या कानामागे खोचली. तीन उदबत्त्या लावल्या. धूर सरळ वर गेला, मग जाळीतल्या हवेने वाकला. हिमानी समोरच्या खुर्चीवर बसली.

"दिसतो?"

"दिसतो," वेनली म्हणाली. "तस्साच."

आता भिंतीकडे बोट दाखवायचं होतं. हिमानीने फोनमधला आईचा तो जुना काळा-पांढरा फोटो पुढे केला, फुलांनी मढलेलं डोकं, पुढ्यात तांदूळ, आणि सांगू लागली, की आमच्याकडे पांढरी फुलं म्हणजे, आमच्याकडे तांदूळ म्हणजे. वेनलीने फोटो प्रेमाने पाहिला आणि परत केला. "माहितेय," ती म्हणाली. "त्याच दिवशी घरी गेल्यावर शोधून पाहिलं मी. अर्ध्या तासात सगळं कळलं. पांढरी फुलं शुभ, तांदूळ शुभ, उदबत्ती रोजची. नवऱ्याला पण सांगितलं, बघ, धनुष्य आहे नुसतं." तिने कपाळाला बोट लावलं. "माझ्या डोक्याला कळलं. बाकीच्या मला नाही कळलं. आजीच्या गोष्टीत तो मित्र भिंतीकडे बघतो आणि लगेच बरा होतो. मी तीन आठवडे भिंतीकडे बघतेय."

हिमानीने फोन खाली ठेवला. गोष्टीतलं एवढंच तिला येत होतं. युए गुआंगच्या पुढे काय झालं असतं, मित्र म्हणाला असता, हो, धनुष्यच आहे, तरी पोटात दुखतंय, तर?

"सांगू तुला काय दिसलं?" वेनली वाटीकडे बघत म्हणाली. "ही वाटी या बाळासाठी आहे असं मला एक क्षण वाटलं, एकच क्षण. मग वाटलं, नाही, ही त्या दोघांची आहे. पहिल्या दोघांची. त्यांच्यासाठी मी कधी वाटी ठेवली नाही, हिमानी. फूल नाही, उदबत्ती नाही. एवढ्या लहानांसाठी ठेवत नाहीत. घरी सगळे म्हणाले, पुढे बघ. आणि मी पुढेच बघत होते, आणि तू इथे बसवून मला हे दिलंस. मला इतकं बरं वाटलं की मी घाबरले. यायला निघालेलं बाळ पोटात असताना मी गेलेल्यांसाठी रडत बसले. त्याला काय वाटलं असेल? म्हणून आले नाही. या खुर्चीत बसले तर पुन्हा रडेन असं वाटायचं." तिने कानामागच्या फुलाला हात लावला, या वेळी अंतर न ठेवता. "पण त्या दोघांच्या उदबत्त्या तीन कशा, ते कळेना. मी सारखी मोजत राहिले. दोन, आणि हे तिसरं? त्याचीच भीती. ती तिसरी कुणाची?"

आतून देवदत्तचा आवाज येत होता, इलाला साखर मोजायला शिकवत होता. पॅसेजमध्ये कुणीतरी बुटांवरचं बर्फ आपटून झाडत होतं. हिमानीला ते वाक्य येताना जाणवलं, कपडे धुण्याच्या खोलीत आलं होतं तेच, सहा वर्षं एकाच जागी बसून लहान झालेलं.

"माझी," ती म्हणाली. "इलाच्या आधी. पाचवा महिना होता."

एवढंच म्हणायला किती कमी वेळ लागला याचंच तिला नवल वाटलं. मग बाकीचं आपोआप आलं, कढी, बंद गॅस, वाटीसकट थांबलेला हात, उदबत्तीचं घर सापडत नाही ही थाप. ते तर कपाटातच होतं. वेनलीने मध्ये एकदाही 'अरेरे' म्हटलं नाही. फक्त कढी म्हणजे काय ते विचारलं, आणि ऐकून म्हणाली, "ती आपण त्या दिवशी प्यायलो ती? चांगली होती." मग कानामागचं एक फूल काढलं, टेबलावरून वाकायला पोट आडवं आलं म्हणून हिमानीलाच पुढे ये अशी खूण केली, आणि ते तिच्या केसांत खोचलं. "हे आमच्या पद्धतीने," ती म्हणाली. दोघी बसून राहिल्या, तिन्ही उदबत्त्या तांदळापर्यंत जळत येईतो. राख वाकडी होऊन वाटीत पडली. हिमानीच्या चहावर साय धरली आणि वेनलीचा चहा गार झाला, आणि देवदत्तने दोनदा डोकावून दोन्ही वेळा डोकं मागे घेतलं.

मग हिमानी उठली. वाटी तिने खिडकीच्या कट्ट्यावर नेऊन ठेवली. स्वयंपाकघरातून तांदळाचा डबाच आणला, आणि कपाटातून तो खण, तीन आठवडे घडी न मोडलेला, हिरवा, जरीच्या काठाचा. "आता हे आमच्या पद्धतीने," ती म्हणाली. "स्वेटरचा घेर असा पुढे धर. पदर नाहीये तर काय करणार." वेनलीने स्वेटर दोन्ही हातांनी ताणून धरला, पोटावर झोळी कसली, उतारच झाला. हिमानीने ओंजळ भरली. मनगट थांबलं. वेनलीने ते थांबलेलं पाहिलं आणि वाट पाहिली. नुसता घेर आणखी थोडा वर उचलला. संध्याकाकूंनाही कुणी असं वाट बघत थांबायला शिकवलं नसेल, असं काहीतरी हिमानीच्या मनात येऊन गेलं, त्या बाईला कशाची भीती वाटली असेल त्या दिवशी, कुणासाठी; दिवाळीला फोन आला तर यंदा स्वतःच घ्यायचा. तिने ओंजळ सोडली. एकदा, दोनदा, पाच वेळा. निम्मे दाणे घेरात राहिले, निम्मे फरशीवर सांडले, आणि त्या आवाजाने इला आतून धावत आली, फरशीवर बसून एकेक दाणा वेचू लागली आणि वेचता वेचता मध्येच थांबली.

"आई," ती वेनलीच्या पोटाकडे बघत म्हणाली, "राइस इज जंपिंग."

दोघींनी खाली पाहिलं. पोटाच्या उंचवट्यावर राहिलेले सातआठ दाणे एकदम उडाले, घसरून घेरात पडले. वेनली हलली नव्हती. तिने श्वासही धरला होता. हिमानीने तिथेच, त्याच जागी, आणखी चिमूटभर तांदूळ ठेवले, आणि तिघी जणी बघत राहिल्या.